हाडं खाणारं गिधाड बघायला: कोल्हापूर ते किब्बर

शनिवार : कोल्हापूर ते मिरज

मूळ बेत हिमबिबट्याचा होता. पण हिमबिबट्या बघायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीत जाऊन उणे वीसमध्ये कुडकुडत बसायला लागतंय, आणि त्यावेळी आमच्या संभादादाचा ऊस तोडीला आलेला असतो, टोळी फडात उतरलेली असताना माणूस हिमालयात कसा जाणार. मग मी ग्रुपवर टाकलं की ऑक्टोबरातच जाऊया आणि दाढीवालं गिधाड बघूया, ते बारा महिने तिथंच असतंय. गिधाड म्हटल्यावर सगळे गप. पिंट्यानं तेवढं विचारलं, मेलेली जनावरं खाणारं पाखरू बघायला दोन हजार किलोमीटर? मी लिहिलं, बाबा हे मांसासाठी येतच नाही, हे हाडं खातंय, नळी फोडून खातंय. पाच मिनिटांत सगळ्यांचे होकार आले. आपल्याकडं मटणाच्या ताटात नळी कुणाच्या वाटणीला गेली यावरनं सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात, त्यामुळं हे पाखरू आपल्यातलंच, यावर एकमत झालं.

गँग अशी: संभादादा (ऊस आणि म्हशी), आण्णा (रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, माझ्या थोरल्या चुलत्यांचे मेव्हणे), पिंट्या, त्याची बायको वैशाली, आणि मी. दुपारी आण्णांच्या घरी तांबडा-पांढरा हाणला, संध्याकाळी मिरज गाठलं आणि रात्री गोवा एक्सप्रेस.

रविवार : दिवसभर रेल्वेत

सांगण्यासारखं एवढंच की आण्णांनी भुसावळ ते झाशी एकच मुद्दा लावून धरला. म्हणाले, अरे हाडात असतंय काय? चुना आणि फॉस्फरस. त्याच्यावर सहा-सात किलोचं पाखरू कसं जगंल? मी घरनं वाचून गेलो होतो त्यामुळं जरा भाव खाऊन घेतला. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे, त्यात प्रोटीन असतंय आणि आतल्या गरात भरपूर चरबी असते, वजनाला वजन लावलं तर हाडातली ऊर्जा मांसाच्या तोडीस तोड भरते. या गिधाडाच्या खाण्यात साधारण 70 ते 90 टक्के हाडंच असतात, आणि असं जगणारं दुसरं पाखरू जगात नाही. बाकीची गिधाडं मांसावर तुटून पडतात, मारामाऱ्या करतात, आणि हे निवांत लांब बसून असतं कारण याला जे पाहिजे त्यावर कुणाचा डोळाच नसतो.

आण्णा म्हणाले, बरं, पण पचतंय कसं? तर त्याच्या पोटातलं ॲसिड म्हणजे पीएच 1 च्या आसपास, म्हणजे एकदम जहाल, गिळलेलं हाड साधारण 24 तासांत विरघळून जातं. आपण नळी चोखून हाड ताटाच्या कडेला ठेवतो, हे पठ्ठ्या हाडासकट आत घेतं. आण्णा गप्प झाले पण मान्य केलं नाही. "बघू प्रत्यक्षात" एवढंच म्हणाले आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

सोमवार, मंगळवार : दिल्ली, नारकंडा, कल्पा

पहाटे दिल्ली, तिथनं गाडी ठरवलेली होती, रात्री नारकंडा, दुसऱ्या दिवशी सतलजच्या कडंकडंनं कल्पा. गाडीवाल्यानं ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले आणि वर चेहरा असा की आम्हीच त्याला फसवलंय, ते प्रकरण सोडून देतो. कल्पात सफरचंदाची तोडणी चालू होती, समोर किन्नौर कैलास, आणि वैशालीनं गरम पाण्याचा बंब बघून काढलेला फोटो ग्रुपवर सगळ्यात जास्त चालला.

बुधवार : कल्पा ते ताबो

खाबला सतलज आणि स्पिती नद्या मिळतात, तिथनं पुढं झाडं संपतात आणि नुसते मातीचे, दगडाचे उभे डोंगर. नाकोच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली म्हणून सगळे खाली उतरलो तर कड्यावर सावली सरकताना दिसली. आधी सावलीच दिसली, मग पाखरू, आणि ते आमच्या पातळीच्या खाली उडत होतं, म्हणजे वरनं त्याची पाठ दिसत होती. हिमालयात हे एक भारी असतंय.

हे पाखरू ओळखायला अवघड नाही. दुसरं मोठं गिधाड तिकडं हिमालयन ग्रिफन, त्याचे पंख फळीसारखे रुंद, शेपूट आखूड. याचे पंख लांब आणि टोकाला निमुळते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच मीटरच्या आसपास, आणि शेपूट लांब, टोकाला पाचरीसारखी. पोट आणि मान नारिंगी. डोकं पांढरट, त्यावर डोळ्यातनं खाली आलेला काळा पट्टा आणि चोचीखाली केसांसारख्या काळ्या पिसांचा झुपका, तीच दाढी. मानेवर भरपूर पिसं असतात कारण याला बाकीच्या गिधाडांसारखं जनावराच्या पोटात मुंडी घालायची गरजच पडत नाही.

एकदाही पंख न हलवता ते कड्याला धरून पार वळणाच्या मागं गेलं. मान सतत खाली. संभादादा म्हणाला, हे काय शोधतंय इथं, गवताची काडी नाही. तर ते शोधत होतं हाडच, भरल नावाची इथली रानमेंढी असते, आयबेक्स म्हणजे रानबोकड असतात, हिमबिबट्यानं मारलेलं, दरडीत सापडलेलं, हिवाळ्यात मेलेलं काहीतरी कुठंतरी पडलेलं असतंय, आणि त्याचं मांस चार दिवसांत संपलं तरी हाड संपत नाही. अशा कोरड्या थंड हवेत पडून राहिलेल्या हाडात कितीतरी महिने खाण्यासारखं उरतं, म्हणून ते जुनी, वाळलेली हाडं पण सोडत नाही. ग्रिफनला ताजं जनावर सापडायलाच लागतंय. याचं तसं नाही, आणि मला विचाराल तर या सगळ्या डोंगरात सगळ्यात हिशोबी प्राणी हाच.

पंक्चर निघालं, ताबोला मुक्काम. तिथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन 996 चा, आतली चित्रं बघायला टॉर्च पाहिजे.

गुरुवार : काझा

डोकं ठणकायला लागलं. 3,600 मीटरच्या वर आलो की पहिल्या दिवशी काही करायचं नाही, पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. पिंट्यानं ऐकलं नाही, बाजारात पायी फिरून आला आणि रात्रभर ओकत बसला. वैशालीनं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी आण्णांनी बरं वाटतंय म्हणून गोष्ट सांगितली, ग्रीक नाटककार एस्किलसची. इसवी सन पूर्व 456 मध्ये त्याच्या टकलावर एका पक्ष्यानं वरनं कासव टाकलं आणि तो मेला अशी दंतकथा आहे. गोष्ट खरी धरायचं कारण नाही, पण भूमध्य समुद्राकडच्या भागात हे गिधाड कासवं उचलून खडकावर टाकून फोडतं हे खरंय. म्हणजे हाड फोडायची जी युक्ती तीच कवचाला. आण्णांनी लगेच टोपी घातली.

शुक्रवार : लांगझा

काझाच्या वर 4,400 मीटरवर लांगझा, मोठी बुद्धाची मूर्ती आणि जमिनीत शंखांचे दगड झालेले, कारण ही सगळी जमीन एकेकाळी समुद्राच्या तळाला होती. पण आमचं नशीब गावाच्या मागं होतं. ओढ्यात एक गाय मरून पडलेली, कधीची काय माहीत, आणि त्यावर ग्रिफनांचा कालवा. दहा-बारा तरी असतील, एकमेकांच्या पाठीवर चढत होते, पंख पसरून फिस्कारत होते, मानेपर्यंत आत जाऊन रक्ताळून बाहेर येत होते. भोवतीनं कावळे, पिवळ्या चोचीचे चफ (कावळ्याच्याच जातीतले), आणि दोन कुत्री. कुत्री आली की ग्रिफन मागं सरायचे, कुत्री गेली की परत. स्पितीत मोकाट कुत्र्यांचा त्रास भयंकर वाढलाय, ती मेलेलं तर खातातच, वर शेळ्या-मेंढ्या पण मारतात.

आणि वरच्या धारेवर, लांब, दाढीवाल्यांची जोडी बसलेली. स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण) लावला. नुसती बसलेली. एकजण पिसं साफ करत होता. आम्ही दीड-दोन तास थंडीत होतो, खाली एवढा दंगा चाललेला, पण त्यांनी जागा सोडली नाही. वैशाली म्हणाली, पहिल्या पंगतीला बसायची घाईच नाही बघा यांना. बरोबर होतं तिचं. मांस निघाल्याशिवाय यांची पंगत लागत नाही.

त्यातलं एक जास्त नारिंगी होतं, एक फिकट. तो रंग त्यांचा स्वतःचा नव्हेच. लोखंडाचा अंश असलेल्या लाल चिखलात नाहीतर झऱ्यात जाऊन ही पाखरं अंग लडबडून घेतात, चोचीनं पिसापिसाला चोळतात. पिंजऱ्यात वाढवलेल्यांना असला चिखल मिळाला नाही तर ती पांढरीच राहतात. पिंट्या (आता बरा झालेला) म्हणाला, म्हणजे मेकअप करून मग हाडं चघळत बसतंय होय, नाद खुळा.

शनिवार : किब्बर

किब्बर 4,200 मीटरवर, 1992 ला झालेल्या किब्बर अभयारण्याच्या काठावरचं गाव. होमस्टेच्या मावशींनी बार्लीचं काहीतरी गरम प्यायला दिलं आणि त्यांच्या पुतण्याला आमच्याबरोबर पाठवलं. पोरगं विशीतलं, थंडीत हिमबिबट्याच्या मागं पर्यटकांना फिरवणारं. त्याला सांगितलं, आम्हाला हाड टाकताना बघायचंय. त्यानं आमच्याकडं असं बघितलं की बाकीचे लोक कॅमेरे घेऊन हिमबिबट्याचं नाव काढतात, ही कुठली माणसं, मग हसला आणि म्हणाला चला.

गावाच्या वर तासभर चाल. तासभर म्हणजे त्याचा, आम्हाला दोन लागले. एका उताराच्या मधोमध सपाट कातळ, आपल्या मसाई पठारावरचा सडा कसा उघडा असतो तसा, फक्त करडा आणि जरा तिरका. जवळ गेल्यावर कळलं की त्यावर सगळीकडं हाडांचे तुकडे. पांढऱ्या काडीएवढे, बोटाएवढे, काहींना अजून वाळलेलं कातडं चिकटलेलं, कातळावर छोटे छोटे पांढरे ओरखडे. मी एक तुकडा उचलला. लांबट, उभा चिरलेला, एक बाजू सुरीसारखी धारदार, आत जिथं गर असतो तिथं स्वच्छ, चमचा फिरवल्यासारखं. आण्णांनी तो माझ्या हातातनं घेतला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितला आणि परत जिथं होता तिथंच ठेवला.

पाखरानं ही जागा ठरवून ठेवलेली असते. कुठलाही दगड चालत नाही, खालचा उतार, वाऱ्याची दिशा, पडल्यावर तुकडे घरंगळून दरीत जाऊ नयेत, हे सगळं बघून एकच जागा वर्षानुवर्षं वापरतात. लहान हाड असेल तर भानगडच नाही, तसंच गिळतात. मोठं असलं तर पायात धरून 50 ते 150 मीटर वर जायचं आणि सोडायचं. चार किलोपर्यंतचं हाड उचलल्याचं पुस्तकात आहे, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. आणि हे जन्मतः येत नाही, पोरांना शिकायला कितीतरी वर्षं लागतात, कुठं टाकायचं, किती उंचीवरनं, वाऱ्याला कसं धरायचं.

त्या दिवशी काही झालं नाही. आम्ही समोरच्या बाजूला दगडाच्या आडोशाला बसलो, दुपारी वारा सुटला, संभादादानं मावशींनी बांधून दिलेली रोटी आणि आमची चटणी काढली, पाच वाजता उतरलो. एक काळपट पोर तेवढं वरनं गेलं, म्हणजे लहान वयाचं, त्यांना मोठ्यांचा रंग यायला पाच-सहा वर्षं जातात.

रविवार : किब्बर

परत तिथंच. पिंट्या आणि वैशाली चिचमचा पूल बघायला गेले, 2017 ला झालेला, प्रचंड खोल घळीवरचा, त्याआधी लोक पाळण्यात बसून दोरावरनं पलीकडं जायचे. त्यांना पुलाचे फोटो मिळाले. आम्हाला जे मिळालं ते असं.

दहाच्या सुमाराला गाईड पोरानं नुसता कोपर मारला. खालच्या घळीतनं पाखरू वर येत होतं, पायात काहीतरी लांब, अंगाच्या रेषेत धरलेलं, पुढनं मागं, म्हणजे वारा अडत नाही. भरलचा पाय होता, स्कोपमधनं खूर स्पष्ट दिसत होता. ते आमच्या डोक्यावरनं गेलं, वळलं, वाऱ्याला तोंड केलं आणि कातळाच्या वर आल्यावर पाय सोडले. कसलीही घाई नाही, धपकन नाही, बस, सोडलं. हाड गिरक्या घेत खाली. कातळावर आधी धुळीचा छोटा लोट दिसला आणि मग टक् असा आवाज आला, आम्ही लांब होतो त्यामुळं.

फुटलं नाही. पण पाखरू त्याच क्षणी पंख दुमडून फिरत फिरत खाली आलेलं, कारण थांबलं तर कावळे येतात, दोन आलेच. उचललं, परत वर. दुसऱ्यांदा पण नाही. आण्णा पुटपुटत होते, अरे वरनं टाक की, अजून वरनं. तिसऱ्या वेळी खरंच जास्त वर गेलं, आणि आवाज वेगळा आला, लाकूड तडकल्यासारखा.

मग खाणं. हे आम्हाला स्कोपमधनं पाच-सात मिनिटं अगदी समोर दिसलं. पहिल्यांदा बारका तुकडा, तो सरळ गिळला. मग खुराकडचा भाग, माझ्या वितीपेक्षा लांब असेल. तो आडवा चोचीत धरला, मान झटकून उभा केला, जाड टोक आत. मान पुढं ताणली, मग वर. गळ्याची पिसं फुगली. थांबलं. परत एक हिसका, हाड जरा आत सरकलं, खूर अजून बाहेर. डोळ्याभोवतीची लाल कडा एवढी भडक झालेली की संभादादाला उघड्या डोळ्यांनी दिसली असं तो म्हणतो, मला खोटं वाटतंय. ते पाखरू उत्तेजित झालं की ही कडा जास्त लाल होते. शेवटचा हिसका, खूर गेला, आणि गळ्यात एक लांब उंचवटा हळूहळू खाली सरकताना दिसला. मग चोच कातळावर दोन्ही बाजूनं पुसली. जिभेनं तुकड्यातला गर ओढून घ्यायचं पण चाललेलं, जीभ अरुंद आणि पन्हाळीसारखी असते त्यासाठीच.

आण्णांनी स्कोपवरनं डोळा काढला आणि म्हणाले, "पीएच किती म्हटलास?"

एक गोष्ट इथं सांगायची राहून जाते म्हणून सांगतो. पिल्लू लहान असताना आईबाप त्याला हाडं नव्हे तर मांसाचे बारके तुकडे भरवतात, कोवळ्या पोटाला हाड झेपत नाही. म्हणजे घरात पोर असेल तेव्हा यांनाही मांस शोधायला लागतंय. बाकी जास्तीची हाडं घरट्यात साठवून ठेवतात. आणि घरटं पिढ्यान्‌पिढ्या तेच, त्यात लोकर, केस, चिंध्या, काय मिळंल ते. स्पेनच्या दक्षिणेकडं अशी जुनी, शंभरेक वर्षांपूर्वी ओस पडलेली घरटी संशोधकांनी उकरली तर त्यात गवताची विणलेली चप्पल निघाली, साडेसहाशे वर्षांहून जुनी. संध्याकाळी हे सांगितल्यावर चपलेच्या विषयात कोल्हापूरचा माणूस गप्प बसंल काय, पिंट्यानं लगेच विचारलं, कापशी घाटाची, आपल्या कोल्हापुरीसारखी, होती का?

सोमवार ते गुरुवार : परत

कुंझुम खिंड उघडी होती त्यामुळं मनालीकडनं उतरलो. रस्ता म्हणजे नदीचं पात्र. मनाली, दिल्ली, परत गोवा एक्सप्रेस.

रेल्वेत वैशालीनं विचारलं, युरोपात का नाहीत आता ही? आहेत, पण आल्प्समध्ये मधी नव्हती. तिथल्या लोकांची खात्री होती की हे पाखरू कोकरं उचलून नेतंय, पोरं पळवतंय, त्याला मारणाऱ्याला बक्षिसं होती, आणि 1913 मध्ये तिथलं शेवटचं मारलं गेलं. बिचारं हाडं वेचत होतं. 1986 पासनं पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं परत सोडायला लागले, आता तिकडं पुन्हा घरटी होतात.

मग संभादादा म्हणाला, आणि आपली? आपल्या सह्याद्रीत हे दाढीवालं कधीच नव्हतं, पण लांब चोचीची गिधाडं होती, माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेवर यायची. ती गेली डायक्लोफिनॅकनं. दुखण्यावरचं इंजेक्शन, जनावराला द्यायचे, जनावर मेलं की ते मांस खाऊन गिधाडाची किडनी निकामी. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर 1992 ते 2007 मध्ये हजारातलं एखादं उरावं इतकी कमी झाली. जनावरांसाठी 2006 ला बंदी आली, पुढं 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तसल्याच औषधांवर पण. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं दुसरं औषध दिलं तर गिधाडाला काही होत नाही आणि जनावराला गुण तेवढाच येतो.

संभादादा जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसला आणि मग मनमाडला रेंज आल्यावर गावाकडच्या डॉक्टरला फोन लावला. "डॉक्टर, मागच्या महिन्यात आमच्या काळीला सुजेवर कुठलं इंजेक्शन दिलंतसा? न्हाई, म्हस बरी हाय, मला नाव पाहिजे." पलीकडनं बहुतेक विचारलं असणार कशाला, कारण हा म्हणाला, "गिधाडासाठी." फोन कट झाला का रेंज गेली ते कळलं नाही, दौंडला परत लावला तेव्हा मेलॉक्सिकॅम असं उत्तर आलं, आणि बाटलीवरचं नाव वाचून फोटो पाठवा म्हणून त्यानं पोराला पण कामाला लावलं.